दगड वेचणीचे दिवस

आमच्याकडे, सस्काचेवानमध्ये,
मे महिन्यात आधी दगड उगवतात.
हिवाळाभर गोठलेली माती फुगते
आणि पोटातले धोंडे इंच इंच वर ढकलते.
तातो म्हणायचे, हे एकच पीक
कधी बुडालेलं नाही.

सकाळी सहाला आम्ही तिघं भावंडं रांगेत,
शेजारून रांगणारा ट्रॅक्टर, त्याच्यामागे लोखंडी घसरगाडी,
चाकावर आई, तिच्या मांडीवर धाकटी ओलेस्या.
गव्हाला चालला असता एखादा दगड.
पण मसूर गुडघ्याएवढाही वाढत नाही,
शेंगा मातीला टेकलेल्या,
कापणीचं पातं जमीन खरवडत न्यावं लागतं
आणि मुठीएवढा धोंडा तीनशे डॉलरला पडतो.

मसूर तातोंनी पेरला एकोणऐंशी साली.
त्याआधी त्यांच्या वडिलांचा गहू.
त्याआधी गवत, आणि गवतावर राहणारी माणसं,
ज्यांच्याबद्दल आमच्या घरात कमी बोललं जायचं.
पंचक्रोशी गव्हाची. मेथोडी हावरिलुक खुळावला,
असं धान्याच्या कोठारापाशी लोक तोंडावर म्हणत.
"हे खातं कोण?"
"कुणीतरी खात असेल," तातो म्हणाले,
आणि टोपी आणखी खाली ओढली.

आम्ही नाही खाल्ला.
आमच्या ताटात बीट, बटाटा, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात.
एकदा आईनं शिजवला, नुसतं मीठ घालून.
तातोंनी दोन चमचे गंभीरपणे चावले.
"ह्यात काहीतरी घालत असणार ते लोक."
मालगाडीचे डबे भरले जात तेव्हा मात्र
शेवटचं दार लागेपर्यंत ते तिथेच उभे,
लेक सासरी धाडल्यासारखे.
कुठल्या बंदरात उतरतो, कुठल्या चुलीवर चढतो,
त्यांना कधी कळलं नाही.
तुम्हाला कदाचित माहीत असेल.
एखाद्या वर्षी तुमच्या आमटीत
आमच्या डॅरिलच्या नजरेतून सुटलेला खडा गेला असेल.
दाताखाली आला असेल तर माफ करा.

आई विसरत गेली ती धाकट्यांपासून.
आधी ओलेस्या, मग मी, मग डॅरिल,
सगळ्यात शेवटी पाव्हलो.
तातोंना ती म्हणायची, "तो दगडवाला."
गवताच्या गासड्या बांधून चिरलेली बोटं,
उजवा अंगठा एका पेरानं कमी,
त्या हातांनी त्यांनी सत्तरीत वेणी घालायला शिकून घेतलं.
तीन पेड. रोज, रेडिओवर हवामान लागायच्या आधी.
सैल पडली की सोडून पुन्हा.
एकदा आरशातून तिनं विचारलं,
तुमचं लग्न झालंय का हो?
"झालंय," ते म्हणाले. "चांगली आहे बायको."

नोव्हेंबरात ते गेले, जमीन गोठायच्या आठवडाभर आधी.
वेळेवर. उशिरा येणारी माणसं त्यांना खपत नसत.
घुमटाच्या चर्चमध्ये तीनदा 'अक्षय स्मृती' म्हणून झालं,
मध घातलेला उकडलेला गहू हातोहात फिरला,
तेव्हा डॅरिलची नात मोठ्यानं म्हणाली,
"गहू का? मसूर का नाही?"
सगळे हसले. पाव्हलो हसता हसता बाहेर गेला
आणि बराच वेळ आत आला नाही.

आता मे. वाकले की माझे गुडघे बोलतात.
खालच्या चाळीस एकरात काहीतरी जड दिसलं,
दगड म्हणून उचललं:
पक्कड. लाल मुठीची, गंजून तोंड मिटलेली.
एक्याण्णव साली हरवली होती.
डॅरिलनं हरवली, असं तातो शेवटपर्यंत सांगत.

मी डॅरिलला फोन लावला.
तो गप्प. मग म्हणाला,
"कुठल्या शेतात?"
मी सांगितलं.
"तिथं मी त्या वर्षी पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.
हेच सांगत होतो त्यांना."
आणि थोड्या वेळानं, "मार्ता, उघडते का ती?"
नाही उघडत, मी म्हणाले.

पक्कड घसरगाडीवर टाकली, दगडांत.
दहा पावलं गेले, परत आले,
काढून खिशात ठेवली.
अजून निम्मं शेत बाकी होतं.